चाल किती मोठी? नो-लिमिट पोकर, तीन पत्ती आणि मावशीचे चिंचोके

२०२५ चे गणपती बसले २७ ऑगस्टला. त्याच्या पाच दिवस आधी, २२ तारखेला, ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पोकर-रमीच्या ॲप्सनी पैशांचे खेळ गुंडाळायला घेतले. ठाण्यात नौपाड्याला आमच्या मावशीकडे पाच दिवसांचा गणपती असतो. जागरणाच्या रात्री भजनं आणि भेंड्या संपल्या की सतरंजी पसरली जाते आणि पत्ते निघतात. त्या वर्षी पत्त्यांआधी हाच विषय निघाला, कारण मावशीचा नातू ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला आहे आणि गेली दोन वर्षं ट्रान्सहार्बरच्या गाडीत बसून फोनवर पोकर खेळत होता.

"काय खेळायचास नक्की?" मावशीने विचारलं.

"नो-लिमिट होल्डेम, आजी."

"नो-लिमिट? म्हणजे हा फ्लॅटसुद्धा लावायला निघाला होतास की काय मेल्या!"

नातवाने "तसं नसतं गं" एवढंच म्हणून मोदक तोंडात टाकला. तसं नसतं तर कसं असतं, हे त्याला सांगता येईना. मी स्वतः पोकर पैसे लावून कधी खेळलेलो नाही, पण त्यातल्या आकडेमोडीचा नाद जुना आहे. मावशीच्या स्वयंपाकघरात चिंचोक्यांचा डबा होता. मोजून ३०० काढले, सहा जणांना पन्नास-पन्नास वाटले आणि पुढचं सगळं त्या चिंचोक्यांवर समजावलं.

आधी खेळ काय आहे ते

होल्डेम हा पोकरचा एक प्रकार. प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी मांडली जातात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, तो जिंकला. जमलेली रक्कम म्हणजे पॉट.

चिंचोके लावायची संधी चार वेळा येते: दोन पानं हातात आल्यावर, तीन उघडल्यावर, चौथं उघडल्यावर आणि पाचवं उघडल्यावर. आपली पाळी आली की चाल करायची, समोरच्याने केलेल्या चालीइतके भरायचे (कॉल), ती वाढवायची (रेज) किंवा पानं टाकून द्यायची (फोल्ड, तीन पत्तीत आपण पॅक म्हणतो). अजून कुणीच चाल केली नसेल तर नुसतं "चेक" म्हणून पुढे ढकलता येतं. बाकी सगळ्यांनी पानं टाकली तर उरलेला माणूस पानं न दाखवता पॉट घेऊन जातो. आपल्याला इथे ही शेवटची गोष्ट लागणार आहे.

पोकरचे प्रकार भरपूर आहेत, पण ज्याला बेटिंग स्ट्रक्चर म्हणतात ते म्हणजे एवढंच: एका वेळी चाल कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. पानं तीच, डाव तोच. फक्त ही मर्यादा बदलली की खेळ ओळखू येईनासा होतो.

पहिला चिंचोका कुणाचा?

पॉट रिकामा असेल तर कुणी कशाला धोका पत्करेल? राजा-एक्का येईपर्यंत सगळे चेक करत बसतील. म्हणून तीन पत्तीत बूट असतो, पानं वाटायच्या आधी प्रत्येकाने टाकायचा. पोकरच्या काही खेळांतही असा बूट असतो, त्याला अँटी म्हणतात. होल्डेममध्ये मात्र सगळ्यांऐवजी दोघंच भरतात. पानं वाटणाऱ्याच्या पुढचा स्मॉल ब्लाइंड, आम्ही १ चिंचोका ठरवला. त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड, २ चिंचोके. दर डावाला ही जबाबदारी एकेक घर पुढे सरकते. तीन पत्तीत "ब्लाइंड" म्हणजे पानं न बघता खेळणं. इथे ती सक्तीची वर्गणी आहे. शब्द एकच, म्हणून पहिले दोन डाव आमच्याकडे नुसता गोंधळ झाला.

फिक्स्ड लिमिट: शेअर रिक्षा

ठाणे स्टेशनला शेअर रिक्षाच्या रांगेत भाव विचारावा लागत नाही. सीटचे जे ठरलेत ते ठरलेत, घासाघीस नाही. फिक्स्ड लिमिट हा असा खेळ आहे.

आम्ही २/४ चा खेळ लावला. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत चाल असेल तर २ चिंचोक्यांचीच आणि वाढवायची असेल तर २ नेच. पुढच्या दोन फेऱ्यांत ४ ची चाल, ४ ची वाढ. सर्वसाधारण रिवाज असा की एका फेरीत एक चाल आणि तीन वाढी, बस्स. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी ८, पुढच्या दोनांत प्रत्येकी १६. कितीही चेव चढला तरी एका डावात एका माणसाचे ४८ चिंचोके जाणार, एकोणपन्नासावा नाही.

मावशीला हा प्रकार फार आवडला. "हे बरंय, आपलं आपल्याला माहीत." तिच्या या मताकडे पुढे वळायचं आहे.

पॉट-लिमिट: पतपेढीचं कर्ज

पतपेढीत आपले शेअर जितके, त्याच्या काही पटीत कर्ज मिळतं. आधी जमा, मग त्या मापाने उचल. पॉट-लिमिटमध्ये चालीची कमाल मर्यादा म्हणजे त्या क्षणी पॉटमध्ये जेवढे आहेत तेवढे.

सोपं वाटतं, पण वाढवताना सगळे अडखळतात. पॉटमध्ये २८ आहेत, मावशीने १० ची चाल केली, मला जास्तीत जास्त वाढवायचंय. आधी मनातल्या मनात तिचे १० भरायचे. आता पॉट झाला २८ + १० + १० = ४८. तेवढेच, म्हणजे ४८, वर वाढवता येतील. एकूण टाकायचे ५८. खेळणारे याचा आडाखा असा ठेवतात: समोरच्याच्या चालीची तिप्पट अधिक आधीचा पॉट. ३० आणि २८, अठ्ठावन्न. मावशीने हे बोटांवर माझ्या आधी केलं. चाळीस वर्षं वाण्याचा हिशेब ठेवलेली बाई आहे.

आता यातली मेख. पॉटमध्ये १० असताना एकाने पूर्ण पॉटची चाल केली आणि दुसऱ्याने भरली की पॉट ३० होतो. पुढच्या फेरीत परत तसंच, ९०. त्याच्या पुढच्या फेरीत, २७०. मर्यादा पाळूनसुद्धा तीन पावलांत पॉट २७ पट झाला आणि दोघांचे प्रत्येकी १३० गेले. ही मर्यादा पॉटच्या पाठीमागून पळते, त्याला थांबवत नाही.

ओमाहा नावाचा प्रकार बहुतेक वेळा पॉट-लिमिटच खेळला जातो. त्यात हातात चार पानं येतात आणि त्यातली बरोबर दोनच वापरायची असतात. चार पानांतून दोनाच्या सहा जोड्या होतात, त्यामुळे सुरुवातीला कुणाचाच हात दुसऱ्यापेक्षा फार भारी नसतो. अशा खेळात पहिल्याच चालीला सर्वस्व लावू दिलं तर उरलेल्या खेळाला काही अर्थ राहत नाही.

नो-लिमिट: "मग फ्लॅट?"

जुलैच्या पावसात रात्री साडेअकराला स्टेशनबाहेर उभे राहा. मीटर बंद, रिक्षावाला घोडबंदरचा जो भाव बोलेल तो बोलेल. तुम्ही द्या नाहीतर चालत जा. नो-लिमिटमध्ये कुठल्याही पाळीला समोरचे सगळे चिंचोके पुढे ढकलता येतात. याला ऑल-इन म्हणतात.

पण समोरचे. हा शब्द महत्त्वाचा. पोकरचा जुना नियम आहे, टेबल स्टेक्स: डाव सुरू होताना जे टेबलावर तुमच्या पुढ्यात आहे तेवढंच खेळात. मधेच खिशात हात घालायचा नाही, घड्याळ काढून ठेवायचं नाही, फ्लॅटची कागदपत्रं तर लांबच. सिनेमात नायक हवेलीच्या किल्ल्या टेबलावर फेकतो ते लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी.

हाच नियम उलट बाजूनेही राखण करतो. तुमच्याकडे ३० च आहेत आणि समोरच्याने १२० लावले म्हणून तुम्हाला उठून जावं लागत नाही. तीन जण ऑल-इन झाले, एकाचे ३०, दुसऱ्याचे ८०, तिसऱ्याचे १२०. प्रत्येकाचे ३० घेऊन ९० चा मुख्य पॉट, तो तिघांतला कुणीही जिंकू शकतो. उरलेल्या दोघांचे आणखी ५०-५० घेऊन १०० चा बाजूचा पॉट, तो त्या दोघांपुरता. तिसऱ्याचे राहिलेले ४० त्याचे त्याला परत, कारण त्यांना तोंड द्यायला कुणाकडे काही नाही. ३० वाल्याचे गेले तर ३० च जातात.

एकच डाव, तीन भाव

आता मुद्द्याचं, आणि इथे मी त्या रात्री सर्वांत जास्त वेळ खर्च केला.

मधली चार पानं उघडली आहेत. नातवाच्या हातात दोन बदाम, मध्ये दोन बदाम. अजून एक बदाम आला की पाचही पानं एका रंगाची आणि डाव त्याचा. मावशीकडे एक्क्यांची जोडी, आत्ता तीच पुढे. पॉटमध्ये २८ चिंचोके. नातवाला दिसलेली पानं सहा, न दिसलेली ४६. त्यात बदाम उरले ९. म्हणजे बदाम यायची शक्यता ४६ मध्ये ९, ढोबळ मानाने पाचात एक.

फिक्स्ड लिमिटमध्ये मावशीला ४ च लावता येतात. पॉट होतो ३२. नातवाला ४ भरून ३२ मिळवायची संधी. असे ४६ डाव खेळले तर ९ वेळा ३२ मिळतील, एकूण २८८. ३७ वेळा ४ जातील, एकूण १४८. फायद्याचा सौदा, डोळे मिटून भरावेत. मावशीला पुढे असूनही त्याला हुसकावता येत नाही, कारण नियमाने तिला स्वस्तातच विकायला लावलंय.

नो-लिमिटमध्ये मावशी २८ लावते. आता नातवाला २८ भरून ५६ मिळवायचेत. ९ वेळा ५६ म्हणजे ५०४. ३७ वेळा २८ म्हणजे १०३६. तोटाच तोटा. पानं तीच, शक्यता तीच, पण पुढच्या पानाचा भाव मावशीने वाढवला आणि शहाण्या माणसाने पानं टाकावीत अशी वेळ आली.

पॉट-लिमिटमध्येही ती २८ पर्यंत जाऊ शकते, म्हणजे भाव वसूल करू शकते. पण २८ च्या पॉटवर १५० लावून धाक दाखवू शकत नाही.

तर चाल म्हणजे खरं पाहता पुढचं पान बघण्याचं तिकीट आणि बेटिंग स्ट्रक्चर म्हणजे ते तिकीट कितीला विकता येईल याचा नियम. वाशीच्या एपीएमसीत हापूसच्या पेटीचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवायची जुनी रीत आठवा. आंबा तोच असतो, पण कोण किती ताणू शकतो यावर सौदा ठरतो.

थापा मारणं, म्हणजे ब्लफ, याच नियमावर जगतं. ४ चिंचोक्यांनी कुणी घाबरत नाही, म्हणून फिक्स्ड लिमिटमध्ये शेवटी बहुधा पानं दाखवावी लागतात आणि भारी पानं जिंकतात. नो-लिमिटमध्ये दुसऱ्याच्या मनातली भीती विकत घेता येते. त्या रात्री सातव्या का आठव्या डावाला मावशीने शांतपणे आपले सगळे चिंचोके पुढे सरकवले. नातवाने दोन मिनिटं विचार करून पानं टाकली आणि मग विचारलं, "काय होतं गं तुझ्याकडे?" मावशीने पानं गड्डीत मिसळून टाकली. "बघायचे होते तर पैसे भरायचे होतेस."

दोन वर्षं ॲपवर काढलेला पोरगा!

मग आपली तीन पत्ती यात कुठे बसते?

कुठेच धड बसत नाही, आणि मला याचं फार आश्चर्य वाटतं. नेहमीचा नियम असा: न बघता खेळणारा चालू चालीइतके किंवा तिच्या दुप्पट लावतो, पानं बघितलेला दुप्पट ते चौपट. एका पाळीला मर्यादा आहे, पण ती दुप्पट-दुप्पट होत जाते आणि फेऱ्या किती याला अंत नाही. १ पासून दहा वेळा दुप्पट केलं की १०२४. काही घरांत पॉटला कमाल मर्यादा ठरवतात, तेवढी झाली की सगळ्यांनी पानं उघडायची. ज्यांनी हे ठरवलं ते शहाणे.

आणि घरगुती तीन पत्तीत टेबल स्टेक्स बहुधा नसतात. पैसे संपले की पॅक करा नाहीतर उसने मागा. बाजूचा पॉट ही कल्पनाच नाही. म्हणजे ज्याचा खिसा खोल तो नुसता चाली वाढवून समोरच्याला उठवू शकतो. नावातच "लिमिट नाही" म्हणणाऱ्या पोकरला कुंपण आहे आणि आपण ज्याला घरचा खेळ म्हणतो त्याला नाही.

"पण लिमिट असलेला खेळ सुरक्षित, बरोबर?"

हे मावशीचं मत. आणि इथे बरेच लोक फसतात.

लिमिट असतं ते एका चालीला, फार तर एका डावाला. रात्रीला नसतं. सहा जणांच्या टेबलावर सहा डावांत एकदा १ आणि एकदा २ भरावेच लागतात, पानं न उचलताही. हाताने पिसून वाटलं तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. फोनवर एका टेबलावर साठेक सहज होतात, आणि लोक दोन-तीन टेबलं एकदम उघडून बसतात. साठ डाव म्हणजे दहा फेऱ्या, म्हणजे नुसतं बसल्याबद्दल तासाला ३० चिंचोके. शिवाय ४ चा कॉल स्वस्त वाटतो म्हणून माणूस नको तिथे भरत राहतो. टपरीवरच्या कटिंगचा महिन्याचा हिशेब कुणी करतं का?

त्यावर ॲप किंवा क्लब प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढतो. इंग्रजीत रेक, जुन्या अड्ड्यांवरचा शब्द नाल. समजा सरासरी पॉट ४० चा आणि नाल शेकडा ५. डावाला २ गेले. तासाला साठ डाव, म्हणजे १२० चिंचोके टेबलावरून नाहीसे झाले. आमचे सहा जणांचे मिळून ३०० अडीच तासांत संपले असते, कुणीही चूक न करता. फिक्स्ड, पॉट की नो-लिमिट, याला नाल विचारत नाही.

"शेवटी सगळं नशीबच ना?"

एका डावापुरतं, बरंचसं. हजार डावांत, नाही. आणि किती नाही, हेही चालीच्या नियमावर ठरतं. याचा सुंदर पुरावा संगणकवाल्यांनी दिला आहे.

जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की दोघांमधलं फिक्स्ड लिमिट होल्डेम व्यवहारात सुटलं. त्यांच्या सेफियस या प्रोग्रॅमला माणसाने आयुष्यभर खेळूनही हरवल्याचं खात्रीने सांगता येणार नाही, इतकं. त्या खेळात निर्णयाच्या जागा एकावर १४ शून्यं एवढ्या. आता पानं तीच ठेवा, खेळाडू दोनच ठेवा, फक्त चालीची मर्यादा काढून टाका. शून्यं दीडशेच्या वर जातात. नो-लिमिटमध्ये अव्वल खेळाडूंना हरवायला जानेवारी २०१७ उजाडावं लागलं: कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्रेटस पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंशी १,२०,००० डाव खेळला आणि स्पष्ट जिंकला. पण खेळ "सुटला" असं त्याबद्दल कुणी म्हटलं नाही.

टीव्हीवर दिसतं ते बहुतेक नो-लिमिटच. लास व्हेगासला १९७० पासून भरणाऱ्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा याच प्रकारची असते. २००३ साली ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ती जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला आणि जगभरच्या नोकरदारांना वाटायला लागलं की आपणही. आडनाव खरंच मनीमेकर आहे.

"पण आता बंदीच आली, तर हे समजून काय करायचं?"

बंदी कशावर आली ते आधी. आपल्याकडे न्यायालयं पूर्वीपासून नशिबाचा खेळ आणि कौशल्याचा खेळ असा फरक करत आली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निकालात रमी मुख्यतः कौशल्याची ठरवली आणि त्याच निकालात तीन पानांच्या फ्लशला, म्हणजे आपल्या तीन पत्तीच्या भावंडाला, निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. पोकरबद्दल उच्च न्यायालयांची मतं जुळली नाहीत. २०२५ च्या कायद्याने ऑनलाइनपुरता हा वादच बाजूला ठेवला: पैसे लावायचे असतील तर खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, चालणार नाही. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. ऑफलाइन जुगाराला महाराष्ट्रात १८८७ चा कायदा आहेच.

नातवाचं म्हणणं होतं की मग लिमिटच्या खेळांना तरी परवानगी द्यायला हवी होती. मला ते पटत नाही, कारण ॲपवर माणसाला बुडवतो तो डावांचा वेग आणि नाल. चालीचा आकार त्यांच्या मागून येतो.

पाचव्या दिवशी गणपती मासुंदा तलावावर पोचवून घरी आलो. मावशीने चिंचोके डब्यात परत भरायला घेतले. ३०० दिले होते, भरले २९१. सतरंजी झटकली, सोफ्याखाली हात घातला, सापडले नाहीत.

"नाल," नातू म्हणाला.